हेल्मेटमध्ये स्वतःचंच नाक दिसतंय? तिरीप पाठीमागून येतेय

होळी होऊन गेली की आमच्या वेल्डिंगच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं. शेतावरच्या कामाला गेलेला पोऱ्या संध्याकाळी गाडीतून मशीन उतरवतो, हेल्मेट टेबलावर आदळतो आणि म्हणतो, "दादा, काच बदली टाका. काहीच दिखत नही."

गंमत अशी की दुकानात, पत्र्याच्या शेडखाली, तोच पोऱ्या, तेच हेल्मेट आणि तीच १० नंबरची काळी काच असते, आणि वेल्डचा टाका अगदी दोरीत पडतो. तेच सामान घेऊन कुणाच्या मळ्यात ट्रॉली जोडायला बसला की जोड एकीकडे आणि टाका दुसरीकडे. वरची खपली (स्लॅग) झाडल्यावर कळतं, अर्धा माल जोडावर पडलाय आणि अर्ध्याने शेजारच्या चॅनलवर रांगोळी काढलीय. मग ग्राइंडरने घासा आणि परत मारा. रॉड दुप्पट, वेळ दुप्पट, वर जनरेटरचं डिझेल.

आमचा पहिला उपाय साफ चुकला. ऊन कडक म्हणून काच कडक, असा सरळ हिशेब आम्ही केला. १० ची काढून तिच्याहून काळी ११ ची बसवली, ती पुरेना म्हणून १२ ची. दिसणं सुधारायच्या ऐवजी बिघडत गेलं. पोऱ्याने मग स्वतःचा मार्ग काढला: हेल्मेट वर करायचं, रॉड जोडावर नेमका टेकवायचा, डोळे गच्च मिटायचे, मान वळवायची आणि आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची झगझगीत ठिणगी, पेटवायचा. आपल्याकडे ही पद्धत किती जण वापरतात हे मी सांगायला नको. त्या रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, ते वेगळं पुराण. खाली येईलच.

खरं कारण सापडलं ते एका आप्पांमुळे. मे महिना, अमळनेरच्या पुढे एक मळा, सकाळचे साडेदहा. ट्रॉलीचा पुढचा दांडा वेल्डातून सुटला होता आणि मी स्वतःच उकिडवा बसून तो जोडत होतो. पहिले दोन रॉड वाया गेले. तिसरा लावला आणि एकदम जोडाची रेघ स्वच्छ दिसायला लागली. दोन इंच छान गेलो, परत सगळं धुरकट. परत स्वच्छ, परत धुरकट. वैतागून हेल्मेट वर केलं तर मागे मळ्याचे मालक आप्पा उभे, डोक्याला भलामोठा रुमाल, कमरेवर हात. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. तेही माझ्याकडे बघून चक्रावलेले: "मी सरकनू का तू थांबस भो, काय शे हाई?"

आप्पांची सावली माझ्या मानेवर पडली की मला दिसत होतं, आणि ती सरकली की दिसत नव्हतं. ऊन समोरून त्रास देतच नव्हतं, ते पाठीमागून येत होतं. त्या दिवशी आप्पांना मागेच, आर्ककडे पाठ करून उभं राहायला लावलं आणि दांडा पुरा केला. पाठ करायला का लावलं हे वेल्डिंगवाल्यांना कळेल. उघड्या डोळ्यांनी "काय चालू आहे" म्हणून बघणाऱ्या माणसाला सावलीसाठी वापरायचं असेल तर निदान त्याचे डोळे तरी सांभाळावेत.

नेमकं होतं काय

रात्रीच्या एसटीने कधी जळगावहून धुळ्याला आला असाल तर हे तुम्ही पाहिलेलं आहे. आतले दिवे चालू असताना खिडकीतून बाहेर बघा, शेत दिसत नाही, स्वतःचं तोंड दिसतं. कंडक्टरने दिवे घालवले की त्याच काचेतून कपाशीची रानं, पारोळ्याच्या ढाब्याचे दिवे, सगळं दिसायला लागतं. काच तीच, बाहेरचा अंधारही तोच. फरक फक्त आतल्या उजेडाचा.

वेल्डिंगची काच म्हणजे कायमची रात्र असलेली खिडकी. काचेचा नंबर हे तिच्यातून किती उजेड जातो याचं माप. १० नंबरच्या काचेतून १०,००० भागांपैकी साधारण १.४ भाग उजेड आत येतो, ११ मधून जेमतेम अर्धा भाग. आता आतली बाजू बघा. साध्या काचेचा गुळगुळीत पृष्ठभाग त्याच्यावर सरळ पडलेल्या उजेडातला सुमारे ४ टक्के परत फेकतो. म्हणजे १०,००० मधले ४००. पुढून येणाऱ्याला दीड भागाची वाट, आणि मागून आलेल्याला ४०० भाग परत डोळ्यांत. आर्क भयंकर तेजस्वी असतो म्हणून तो आणि त्याच्याखालचं वितळलेलं लोखंड तरीही दिसतं. पण आर्कच्या अर्धा इंच पुढची जोडाची रेघ, जिच्यावर हात चालवायचा असतो, ती मंदच असते. नेमकी तीच या परतलेल्या उजेडात बुडते.

जास्त काळी काच लावून उलटं का होतं, तेही यातच आलं. काचेचा एक नंबर वाढवला की बाहेरचं चित्र अडीच पटीहून जास्त मंद होतं. नाकाचं प्रतिबिंब मात्र होतं तेवढंच राहतं, कारण तो उजेड काचेच्या आरपार जातच नाही, आतल्या आत वळतो. १२ नंबरची काच घालून आम्ही एसटीच्या बाहेरचा अंधार वाढवला होता, दिवे तसेच चालू ठेवून.

तर काचेचा नंबर उन्हावर ठरवू नका, करंटवर ठरवा. १२ नंबरचा रॉड, म्हणजे अडीच एमएमचा, ६० ते ९० अँपिअरवर चालतो, त्याला १० ची काच पुरते. १० नंबरच्या म्हणजे ३.१५ एमएमच्या ६०१३ जातीच्या (साध्या लोखंडाच्या नेहमीच्या) रॉडला ९० ते १३० लागतात, तिथे १० किंवा ११. शेतावरच्या बहुतेक कामाला यापुढे जायची गरज पडत नाही.

आधी खात्री करा

प्रत्येक धुरकटपणा पाठीमागचाच असतो असं नाही, म्हणून पैसे घालण्याआधी पाच मिनिटं द्या. काम करायच्या जागेवर, काम करायच्या बैठकीत बसा, आर्क न पेटवता हेल्मेट खाली घ्या आणि काचेकडे बघा. स्वतःचं नाक, चष्म्याची कडा, शर्टाची पांढरी कॉलर यातलं काही दिसतंय का? मग कुणालातरी तुमच्या डोक्यामागे एक गोणपाट पसरून धरायला सांगा. प्रतिबिंब विझलं तर पाहुणा मागून आलाय.

गोणपाट धरूनही फरक पडला नाही, आणि चेहरा दिसण्याऐवजी सगळ्या काचेवर दुधासारखी साय दिसत असेल, तर दोष पुढच्या बाजूला आहे. काळ्या काचेच्या पुढे जी साधी पांढरी काच असते तिच्यावर ठिणग्यांचे बारीक दाणे चिकटलेले असतात. ऊन समोरून पडलं की प्रत्येक दाणा चमकतो. ही काच अगदी स्वस्तातली वस्तू, पण आमच्याकडे ती फुटेपर्यंत बदलायची नाही असा जणू नियम आहे. हेल्मेटवर कपाळापाशी पुठ्ठ्याची झापड धरून बघा, साय कमी झाली तर हीच भानगड. काच बदला आणि दोन जास्तीच्या खिशात ठेवा. नखाने दाणे खरवडू नका, काच ओरखडते आणि तिरीप आणखी पसरते.

तिसरा प्रकार ऑटो डार्क, म्हणजे आपोआप काळी होणाऱ्या काचेच्या, हेल्मेटचा. काच अचानक काळी होते, परत उजळते, काही केल्या स्थिर राहत नाही. त्याचं कारण वेगळं, त्याच्याकडे नंतर येतो.

फुकटचे उपाय आधी

हेल्मेटच्या आतला पट्टा आपण डोक्याच्या मापाला एकदा घट्ट करतो आणि विसरतो. पण चांगल्या हेल्मेटच्या पट्ट्याला आणखी दोन सोयी असतात. काच डोळ्यांच्या जवळ-लांब करायचे खाचे, आणि हेल्मेट खाली घेतल्यावर ते किती कोनात थांबेल याची खुंटी. काच जवळ घ्या. जितकी जवळ, तितकी कपाळावरची आणि कानाजवळची फट लहान. मग कोन बदलून बघा. आरशाचा नियम आहे, काच ५ अंश कलली की परतणारा उजेड १० अंश वळतो. त्यामुळे खुंटी एक घर पुढेमागे केली तरी प्रतिबिंब डोळ्यांवरून घसरून छातीवर जाऊ शकतं. पुष्कळदा निम्मं काम इथेच होतं, आणि मी हे बारा-पंधरा वर्षं न करता उन्हाला शिव्या देत होतो.

दुसरं, बैठक. आपण जमिनीवर उकिडवं बसून, मान खाली घालून काम करतो. मान वाकली की हेल्मेटची वरची कड पुढे जाते आणि कपाळामागची फट थेट आभाळाकडे उघडते. वरचं सगळं ऊन गच्चीच्या जिन्यातून उतरावं तसं त्या फटीतून काचेवर. म्हणून जमेल तिथे काम उचला. दोन रिकामे ड्रम, घोडी, नाहीतर ट्रॅक्टरच्या जॅकवर दांडा घ्या आणि उभ्याने किंवा स्टुलावर बसून मारा. मान जितकी सरळ, फट तितकी बंद. कंबरही दुवा देते.

तिसरं, तोंड कुठे करायचं. माझ्याकडे आलेला प्रत्येक नवा पोऱ्या उन्हाकडे पाठ करून बसतो. ते नैसर्गिकच आहे, उघड्या डोळ्यांनी काम करताना तेच बरोबर. हेल्मेट घातलं की मात्र उलटं. सूर्याकडे तोंड करायचं. पुढून आलेल्या उन्हाची काळ्या काचेसमोर काही मात्रा चालत नाही आणि तुमचं स्वतःचं डोकं हेल्मेटच्या आत सावली धरतं. अगदी नाकासमोर सूर्य नको असेल तर जरा तिरकं बसा, पण तो खांद्याच्या मागे जाऊ देऊ नका.

खानदेशात याला ऋतूची एक गाठ आहे. जळगाव, धुळे हे सगळं साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरात ऐन दुपारीही सूर्य दक्षिणेकडे जमिनीपासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर ढोबळमानाने दक्षिणेकडे तोंड केलं की काम भागतं. सकाळी थोडं आग्नेयेला, संध्याकाळी थोडं नैऋत्येला. मे महिन्यात ही युक्ती दुपारी लंगडी पडते. २५ मेच्या आसपास दुपारी बारा-पंचवीसच्या सुमारास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली काठीखालीच जाते. तेव्हा कुठेही तोंड करा, ऊन वरून कपाळाच्या फटीत उतरणारच. तसाच योग जुलैच्या मध्यावर परत येतो, पण तेव्हा ढगांची कृपा असते. उन्हाळ्यात सकाळी साडेदहापर्यंत पूर्वेकडे तोंड, दुपारी चारनंतर पश्चिमेकडे, आणि मधल्या वेळेला सावलीच करावी लागते. दुसरा इलाज नाही.

मानेवरचा पडदा

सावली दोन प्रकारे होते, अंगावर घालून किंवा डोक्यावर छत करून. अंगावरची म्हणजे हेल्मेटला मागून शिवलेला पडदा. बाहेर चामड्याचे तयार मिळतात. आम्ही घरीच केला आणि तो गेली तीन वर्षं चालतोय.

कापड सुतीच घ्या, जाड आणि गडद रंगाचं. जुन्या जीन्सची मांडी उत्तम. टेरिकॉट, नायलॉन, टी-शर्टचं पॉलिस्टर हे चुकूनही नको, ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. आपला पांढरा रुमालही नको, आणि इथे लोक फसतात. पांढऱ्या कापडाने ऊन थांबतं, पण जे थोडं गाळून किंवा खालून येतं ते पांढऱ्यावर उजळून परत काचेवर जातं. आतली बाजू काळी असेल तर सोन्याहून पिवळं.

माप सुतळीने घ्या. हेल्मेट डोक्यावर घालून, एका कानाजवळच्या कडेपासून कवटीवरून दुसऱ्या कानाजवळच्या कडेपर्यंत. तेवढी लांबी, वर चार बोटं ढिलाई. खोली मानेच्या खाली, शर्टाच्या कॉलरवर एक वीत येईल इतकी. ढिलाई विसरलात तर हेल्मेट वर करताना पडदा ताणला जाऊन हेल्मेट परत खाली आदळतं. एकदा आमच्या पोऱ्याच्या नाकावर असंच आदळलं. बसवायला कडेने वेल्क्रोची चिकटपट्टी लावा, म्हणजे धुवायला काढता येतो. कवचाला भोकं पाडू नका. एक भोक पडलं की तिथून आर्कचा उजेड आत शिरतो, आणि घाईत पाडलेलं भोक काचेजवळ असलं तर त्या हेल्मेटचा अर्थच उरत नाही.

पडद्याचा तोटाही सांगतो. बाहेर ४४ डिग्री असताना मानेवर जीन्स म्हणजे भट्टी. श्वासाची वाफ आत राहते, काचेवर बाष्प धरतं, घाम डोळ्यांत उतरतो. कपाळाच्या पट्ट्याला सुती फडकं गुंडाळा आणि दर दोन रॉडनंतर हेल्मेट वर करून मान मोकळी करा. त्याहूनही लांबचं काम असेल तर पडद्यापेक्षा छत बरं.

छत म्हणजे आपल्याकडे गावोगाव मिळणारी हिरवी शेडनेट. चार बांबू किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचीच फळी, त्यावर दुहेरी शेडनेट. एकेरी ५० टक्क्यांच्या जाळीतून अर्धं ऊन खाली येतंच, म्हणून दुहेरी. नुसती डोक्यावर नको, मागच्या बाजूला कमरेपर्यंत खाली सोडा. वारा चालतो, माणूस शिजत नाही. ताडपत्रीने सावली जास्त पडते, पण खाली दमकोंडी होते, आणि निळ्या-पिवळ्या ताडपत्रीची आतली बाजू स्वतःच उजळते. काळी बाजू असेल तर ती आत ठेवा.

जाळी प्लास्टिकची आहे हे विसरायचं नाही. ठिणगी उडते तिथून किमान सहा-सात फूट वर, आणि पुढच्या बाजूला तर लावायचीच नाही. आपल्या मळ्यांत चार पावलांवर पऱ्हाटीचा ढीग नाहीतर कडबा असतोच, आणि दुपारी वारा सुटतो. पाण्याची बादली आणि ओलं पोतं हाताशी ठेवा, फक्त ते पोतं पायाखाली घेऊन बसू नका. घामाने भिजलेला हातमोजा आणि ओली जमीन, दोन्ही मिळून रॉड धरायच्या होल्डरचा झटका अंगातून जायला रस्ता करून देतात.

खालून येणारं ऊन

एक प्रकार बराच उशिरा लक्षात आला. साक्रीकडे कांद्याच्या चाळीच्या छताचं काम होतं, नवे कोरे पत्रे, आणि आम्ही पत्र्यांवरच बसून अँगल जोडत होतो. पडदा होता, तोंड सूर्याकडे होतं, तरी काच पांढरी. कारण पत्र्याने ऊन आरशासारखं खालून हनुवटीच्या फटीत फेकलं होतं. पत्र्यावर दोन गोणपाटं अंथरली, गळ्याभोवती चामड्याचा अ‍ॅप्रन वर ओढला, भागलं. (जस्ताच्या पत्र्याला टाका मारताना पांढरा धूर होतो तो घेऊ नका. संध्याकाळी हिव भरून ताप येतो.)

शर्टाचंही तसंच. पांढरा शर्ट आणि चकचकीत कापड छातीवरून उजेड वर फेकतं. गडद निळा किंवा काळसर सुती शर्ट, वरचं बटण लावलेलं.

हेल्मेटची आतली बाजू बोट फिरवून बघा. स्वस्त हेल्मेट आतून चकचकीत असतात. मी एकाला आतून काळा ऑइलपेंट दिला, पातळ करायला थिनर घातलं, आणि आठवड्यात कवचाला केसासारख्या भेगा पडल्या. प्लास्टिकला थिनर चालत नाही हे शाळकरी पोरांनाही माहीत असेल, मला ते एक हेल्मेट गमावून कळलं. आता दुतर्फी टेपने काळं सुती कापड चिकटवतो. जुन्या फायबरच्या जाड हेल्मेटला फळ्याचा मंद काळा रंग चालतो.

चष्मेवाल्यांचं दुखणं दुप्पट असतं. चष्म्याच्या काचेच्या मागच्या बाजूवरूनही मागचं ऊन परत डोळ्यांत येतं, आणि आतमध्ये भिंग बसवलं असेल तर त्याच्या दोन बाजू आणखी. प्रत्येक बाजूचे ते ४ टक्के आहेतच. भिंग काळ्या काचेला जवळजवळ चिकटून बसेल असं लावा, दोन्ही काचा रोज साबणाच्या पाण्याने धुवा. चाळिशी लागली आहे आणि पोऱ्यासारखं दिसत नाही म्हणून दर वेळी उन्हाला दोष देऊ नका, एकदा डोळे तपासून घ्या. माझा अर्धा त्रास नव्या नंबरने गेला.

हातात धरायच्या शिल्डला यातलं फारसं काही लागू पडत नाही, तिला चारही बाजूंनी फट. तिच्यासोबत फक्त सूर्याकडे तोंड आणि डोक्यावर छत, एवढंच हाती उरतं.

ऑटो डार्क वाल्यांसाठी

ऑटो हेल्मेटमध्ये पाठीमागच्या तिरिपेचे सगळे नियम तेच. वर एक पेच जास्तीचा. पुढे दोन किंवा चार सेन्सर असतात, आर्क पेटला की सेकंदाच्या किरकोळ भागात काच ३-४ नंबरवरून काळी होते. सूर्याकडे तोंड केलं की कमी प्रतीचे सेन्सर ऊन म्हणजेच आर्क समजतात आणि काच आधीच काळी करून ठेवतात. मग जोड सापडत नाही.

सेन्सिटिव्हिटीची घुंडी यासाठीच आहे. कामाच्या जागेवर बसून ती पूर्ण वर न्या, काच काळी होईल. मग हळूहळू खाली आणा, काच उजळेल त्या जागी थांबा. त्याखाली जाऊ नका. फार खाली गेलात तर बारीक करंटवर आर्क पेटूनही काच काळी होणार नाही. घुंडीने भागत नसेल तर सेन्सरवर ऊन सरळ पडू नये म्हणून हेल्मेटच्या वर टोपीच्या झापडीसारखी दोन-अडीच इंचांची पुठ्ठ्याची किंवा चामड्याची पट्टी लावा. सेन्सर झाकायचे नाहीत, फक्त सावलीत ठेवायचे. पाइपच्या मागे हात घालून मारताना सेन्सरला आर्कच दिसत नाही आणि काच लुकलुकते, तो दोष उन्हाचा नाही. अशा कामाला साधी काळी काच बरी. आणि ग्राइंडिंगच्या खुणेवर घुंडी राहिली नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. त्या खुणेवर काच काळी होतच नाही.

विकत घेणार असाल तर काचेच्या कडेला १/१/१/२ असे चार आकडे छापलेले असतात ते वाचा. दुसरा आकडा काच उजेड किती पसरवते याचा. तो १ असलेली घ्या, ३ असलेली उन्हात धुरकट वाटते. हे हेल्मेट ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. अशा काचा बहुधा ५५ डिग्रीपर्यंतच धडपणे चालतात, आणि मे महिन्यात बंद गाडीत त्याहून जास्त होतं.

डोळे भाजले तर

पोऱ्याचं पुराण. दिवसा त्याला काहीच वाटलं नव्हतं. रात्री दोनला त्याच्या घरून फोन: डोळे उघडत नाहीत, पाण्याच्या धारा लागल्यात. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळावरचं पारदर्शक आवरण भाजतं ते असं, काही तासांनी, बहुधा रात्री. आजीने बटाट्याच्या चकत्या काढल्या, शेजारणीने दूध आणलं. मिटलेल्या पापणीवर गार पाण्याची घडी ठेवायला हरकत नाही, पण डोळ्यात काही घालू नका. अंधाऱ्या खोलीत बसवा, चोळू देऊ नका आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. एक-दोन दिवसांत बहुतेकांचं बरं होतं. बधिर करणारे थेंब मेडिकलमधून आणून परत परत घालणं मात्र धोक्याचं. दुखणं कळत नाही आणि जखम भरायची थांबते.

मागून येणाऱ्या उजेडाचा संबंध इथेही आहे. दोघे जण पाठीला पाठ लावून काम करत असाल तर दुसऱ्याच्या आर्कचा उजेडही तुमच्या मानेमागून शिरून काचेवरून डोळ्यांत येतो. हेल्मेट एकदाही वर न करता डोळे असे भाजले असतील तर आधी हे तपासा. मानेवरचा पडदा दोन्ही कामं करतो.

आता आम्ही मेमध्ये शेतावरचं काम सहाला सुरू करतो आणि अकराला मशीन बंद. पत्र्यावरचं काम दुपारी घेतच नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. डोळे मिटून टाका मारणं बंद आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंना खडूने जाड रेघ मारतो, आर्कच्या उजेडात ती काळ्या काचेतूनही दिसते. पडदा दर आठवड्याला धुतो आणि डिझेलचे हात त्याला पुसायचे नाहीत असं पोऱ्याला बजावलंय. तो पुसतोच, म्हणून पडदे तीन शिवलेत.